कॅमेरा नंतर, संकलन आधी

फिल्म बनवायला शिकू पाहणाऱ्या वाचकांचे प्रश्न बहुतेक ठरलेले असतात. 'पन्नास-साठ हजारांत कोणता कॅमेरा घ्यावा?' 'एडिटिंग कोणत्या सॉफ्टवेअरवर शिकावे?' 'मुलीची बारावी झाली, एक क्लास सहा महिन्यांत एडिटर करतो म्हणतो, फी भरू का?' तिन्ही प्रश्नांत पैसे आधी जातात आणि शिकणे नंतर सुरू होते. हा क्रम उलटा करा. हातात आहे त्या फोनवर तीन मिनिटांची एक फिल्म पूर्ण करा. त्याच्याही आधी, दुसऱ्या कुणी शूट केलेले फुटेज कापून-जोडून पाहा. एवढे झाले की पैसे कशासाठी लागतात आणि कशासाठी लागत नाहीत, हे तुमचे तुम्हालाच कळेल.

संकलन आधी का?

कॅमेरा हाती आला की नवखा माणूस शूट करत सुटतो. टेबलावर बसल्यावर लक्षात येते, की माणूस बोलताना दिसतो पण तो कशाबद्दल बोलतोय ते कुठेच दिसत नाही; चांगला वाटलेला प्रत्येक शॉट दोन सेकंदांत हलला आहे; रेकॉर्डिंगचे बटण दाबेपर्यंत वाक्याचा पहिला शब्द निघून गेला आहे. ही अडचण एकदा सोसली, की पुढच्या वेळी शूट करताना तुम्ही कापणाऱ्याच्या नजरेने बघता. कॅमेऱ्याच्या पुस्तकातून ही नजर येत नाही.

फुटेज मिळवणे अवघड नाही. नात्यातले लग्न, शाळेचे स्नेहसंमेलन, गावची जत्रा यांचे न कापलेले चित्रण कुणाकडे तरी पडून असते. परवानगी घेऊन ते मागून घ्या आणि तीस-चाळीस मिनिटांचे तीन मिनिटांत आणा. अट एकच: पार्श्वसंगीत लावायचे नाही. गाणे लावले की कुठलाही कट खपून जातो, आणि आपला कट चुकला हे कळतच नाही.

सोबत दोन चित्रपट शेजारी ठेवून पाहा. चैतन्य ताम्हाणे यांच्या 'कोर्ट'मध्ये (२०१४) कॅमेरा स्थिर आहे आणि शॉट लांबच लांब चालतात. 'परिंदा'चे (१९८९) संकलन रेणू सलुजा यांचे. त्यासाठी त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. दोन्हींतली दहा-दहा मिनिटे आवाज बंद करून पाहा आणि प्रत्येक कटला कागदावर रेघ मारा. मग आवाज सुरू करून तोच भाग पुन्हा पाहा. कट तिथेच का आला, हा प्रश्न स्वतःला विचारत राहा.

लागते ते एवढेच

- फोन : एचडी चित्रण करणारा कोणताही चालेल. शिकताना फोरकेचा हट्ट नको. आयफोनवर सेकंदाला ३० फ्रेमने एचडी चित्रणाला मिनिटाला साधारण ६० एमबी लागतात, तर फोरकेला १७० एमबी. म्हणजे तासाभराचे फुटेज दहा जीबीच्या घरात जाते, आणि जुना संगणक तिथेच मान टाकतो.
- ट्रायपॉड : कॅमेऱ्याआधी हा घ्या. साधा असला तरी चालेल, पण डुगडुगणारा नको.
- कॉलर माइक : बोलणाऱ्याच्या छातीजवळ लावायचा छोटा माइक. नसेल तर दुसरा फोन त्याच्या वरच्या खिशात ठेवून त्यावर आवाज रेकॉर्ड करा. चित्र थोडे डळमळले तर प्रेक्षक चालवून घेतो, बोललेले ऐकू आले नाही तर उठून जातो.
- हेडफोन : कानात घालायचा, तारेचा, कोणताही. शूटिंग सुरू असताना आवाज ऐकला नाही, तर पंख्याची घरघर घरी आल्यावरच कळते.
- दोन हार्ड डिस्क : एक कामाची, एक बॅकअपची.

सॉफ्टवेअरवर एक दुपारही वाद घालू नका. संगणकात १६ जीबी रॅम आणि बऱ्यापैकी ग्राफिक्स कार्ड असेल तर 'डाविंची रिझॉल्व्ह'ची मोफत आवृत्ती घ्या. संकलन, रंगसंस्करण आणि ध्वनी तिन्ही त्यात होते, शिवाय व्हिडिओवर कंपनीचा शिक्का येत नाही. संगणक जुना असेल तर 'शॉटकट' किंवा 'केडेनलाइव्ह' ही मोफत आणि मुक्तस्रोत सॉफ्टवेअर हलकी पडतात. संगणकच नसेल तर फोनवर 'व्हीएन' किंवा 'काइनमास्टर'वर सुरुवात करा. 'प्रीमिअर प्रो' व्यवसायात खूप चालते, पण त्याचे भाडे महिन्याला भरावे लागते. ते काम मिळायला लागल्यावर पाहता येईल. चोरीची, 'क्रॅक' केलेली आवृत्ती मात्र मुळीच नको. ती बेकायदा तर आहेच, शिवाय तिच्यासोबत आलेला व्हायरस तुमचे फुटेज कुलूपबंद करू शकतो. एका सॉफ्टवेअरवर कट, ट्रिम आणि आवाजाचे थर जमले की दुसऱ्यावर जायला फार दिवस लागत नाहीत.

रेकॉर्ड दाबण्यापूर्वी

आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची. सेकंदाला ३० फ्रेमने दुकानात किंवा घरात शूट केले, तर ट्यूबलाइट आणि काही एलईडी दिवे पडद्यावर लुकलुकतात. सेकंदाला २५ फ्रेम आणि शटर १/५० ठेवले की ही लुकलुक बहुधा जाते. आयफोनच्या कॅमेरा सेटिंगमध्ये 'पाल' स्वरूपे दाखवण्याचा पर्याय चालू केला की २५ फ्रेम दिसू लागतात. मोफत मिळणारे 'ब्लॅकमॅजिक कॅमेरा' अॅप आयफोनवर आणि निवडक अँड्रॉइड फोनवर शटर, फोकस, रंगाचे तापमान हे सगळे हाती देते. त्यात फोकस आणि प्रकाश कुलूपबंद करा, नाहीतर माणूस हलला की चित्र आपोआप उजळते आणि काळवंडते, आणि असे दोन शॉट जोडले की जोड उघडा पडतो.

आणखी एक खोड लक्षात असू द्या. बरेच फोन फ्रेमचा वेग मधूनमधून बदलतात. असे फुटेज टाइमलाइनवर टाकले की पाच-सात मिनिटांनी ओठ आणि आवाज यांची फारकत होते. 'हँडब्रेक' या मोफत सॉफ्टवेअरमध्ये फ्रेमदर स्थिर करून घ्या, मगच संकलनाला बसा.

पहिली फिल्म कशावर करावी?

प्रेमकथा, भयकथा, सामाजिक संदेश असले काही पहिल्यांदा नको. अभिनय, संवाद आणि चित्रण यांपैकी नेमके काय फसले, हे मग ओळखता येत नाही. एखादे काम सुरू होते आणि संपते, अशी प्रक्रिया निवडा. दादासाहेब फाळक्यांनीही 'राजा हरिश्चंद्र'च्या आधी, १९१२ साली, वाटाण्याचे रोप उगवताना एकेक फ्रेम टिपून छोटी फिल्म केली आणि भांडवल देणाऱ्याला ती दाखवून राजी केले.

माझी शिफारस आहे सायकलचे पंक्चर काढण्याची. गल्लीतल्या दुकानदाराला आधी भेटा, त्याची परवानगी घ्या आणि एकदा कॅमेरा न काढता सगळे काम नुसते बघा. चाक उतरते, टायरमधून ट्यूब निघते, पाण्याच्या घमेल्यात बुडते, एका जागी बुडबुडे येतात, तिथे खूण होते, जागा घासली जाते, सोल्युशन लागते, पॅच बसतो, ठोकला जातो, हवा भरली जाते. या सगळ्याला वीस मिनिटे लागली तर तुम्हाला ती दोन-अडीच मिनिटांत दाखवायची आहेत. संकलनाचा जवळपास सगळा पाया या एका कामात येतो.

शॉटची यादी घरूनच लिहून न्या:

1. दुकान, रस्ता, थांबलेले गिऱ्हाईक हे सगळे एका चौकटीत दिसेल असा दुरून शॉट. काम सुरू होताना एक, संपताना एक.
2. दुकानदार कमरेपासून वर, काम करताना. हा सर्वांत लांब चालू द्या.
3. हातांचे अगदी जवळचे शॉट: बुडबुडे, कानस, सोल्युशनची नळी, हातोडी.
4. दुकानदाराचा चेहरा, तो बघतोय कुठे ते कळेल असा.
5. गिऱ्हाइकाचा चेहरा, घड्याळाकडे जाणारी नजर, चाकाविना उभी सायकल.

पाचव्या क्रमांकाचे शॉट नवखे लोक हमखास विसरतात, आणि फिल्म नेमकी तिथे अडते. दुकानदार ट्यूब घासायला घेतो, पुढच्या शॉटमध्ये पॅच बसलेला असतो. हे थेट जोडले तर चित्र उडी मारते. मध्ये दीड सेकंद गिऱ्हाइकाचा चेहरा ठेवला, की पाच मिनिटे निघून गेली हे प्रेक्षक विनातक्रार मान्य करतो.

शूट करताना चार नियम पाळा:

- दुकानदार आणि गिऱ्हाईक यांना जोडणारी एक रेघ मनाने आखा आणि कॅमेरा कायम तिच्या एकाच बाजूला ठेवा. ओलांडली की दोघे एकमेकांऐवजी एकाच दिशेला बघताना दिसतात.
- प्रत्येक शॉट कृती सुरू होण्याआधी पाच सेकंद सुरू करा आणि संपल्यावर पाच सेकंद चालू ठेवा. कट करायला हीच जागा लागते.
- एकच कृती दोनदा शूट करताना जागा आणि आकार ठळक बदला. थोडासाच कोन बदललेले दोन शॉट जोडले तर ती चूकच वाटते.
- शेवटी सगळ्यांना गप्प राहायला सांगून त्या जागेचा नुसता आवाज अर्धा मिनिट रेकॉर्ड करा. या 'रूम टोन'वाचून संवादातले खड्डे बुजत नाहीत.

आवाज वेगळ्या फोनवर घेत असाल, तर प्रत्येक शॉटच्या आरंभी कॅमेऱ्यासमोर एक टाळी वाजवा. टाळीचे चित्र आणि आवाजाच्या आलेखातले टोक जुळवले की सगळा शॉट जुळतो.

टेबलावर बसल्यावर

घरी आल्यावर आधी फुटेज दोन्ही डिस्कवर उतरवा, उघडून पाहा, मगच फोन रिकामा करा. मित्राने शूट केलेले असेल तर व्हॉट्सअॅपवर व्हिडिओ म्हणून मागवू नका. तो आकसून येतो आणि पडद्यावर चौकोन दिसतात. डॉक्युमेंट म्हणून, ड्राइव्हवरून किंवा केबलने घ्या. 'पंक्चर' नावाचा एक फोल्डर करा, त्यात चित्र, आवाज, संगीत, प्रोजेक्ट आणि एक्स्पोर्ट असे पोटफोल्डर. सॉफ्टवेअर फुटेज पोटात घेत नाही, ते कुठे ठेवले आहे एवढेच लक्षात ठेवते. पेनड्राइव्हवरून थेट संकलन करून पेनड्राइव्ह काढून दिला, की दुसऱ्या दिवशी टाइमलाइन लाल होते आणि 'मीडिया ऑफलाइन' दिसते. फाइल शोधून पुन्हा जोडता येते, पण फोल्डरची नावे मध्येच बदलली तर तासन् तास जातात.

संगणक अडखळत असेल तर 'प्रॉक्सी' म्हणजे फुटेजच्या हलक्या प्रती करून घ्या आणि त्यांवर काम करा. एक्स्पोर्ट करताना सॉफ्टवेअर मूळ फाइल वापरते.

कामाचा क्रम असा ठेवा: सगळे फुटेज एकदा न थांबता पाहणे, चांगले शॉट निवडणे, ते क्रमाने मांडणे, लांबी कमी करणे, आणि चित्र एकदा 'लॉक' झाले की मग आवाज, त्यानंतर रंग, शेवटी नावे. लॉक होण्याआधी रंगावर हात मारला तर काढून टाकायच्या शॉटवरही मेहनत जाते.

कट जुळत नसेल तर आवाज सरकवून पाहा. हवा भरण्याच्या पंपाचा आवाज आधीच्या शॉटवरच सुरू करा आणि सेकंदभराने पंप दाखवा. प्रेक्षकाचे कान आधी पुढे जातात, डोळे मागून येतात आणि जोड दिसत नाही. याला 'जे कट' म्हणतात. आवाज मागे रेंगाळला तर 'एल कट'. सॉफ्टवेअरमधली दोनशे तयार ट्रान्झिशन्स वापरण्याचा मोह आवरा. साधा कट आणि क्वचित एखादा डिझॉल्व्ह यांवर पहिल्या दहा फिल्म्स निघतात.

बोलण्याची पातळी मीटरवर उणे १२ ते उणे ६ डेसिबलच्या दरम्यान ठेवा; शून्याला टेकली की आवाज फाटतो आणि तो नंतर सांधता येत नाही. तयार फिल्म फोनच्या स्पीकरवरही ऐका.

मराठी नावे आणि सबटायटल यांची एक वेगळीच डोकेदुखी आहे. जोडाक्षरे तुटतात, पहिली वेलांटी अक्षराच्या पुढे जाऊन बसते. नेहमी युनिकोडमध्येच टंकलेखन करा. 'प्रीमिअर'मध्ये असे झाले तर ग्राफिक्सच्या सेटिंगमध्ये मजकुराचे इंजिन दक्षिण आशियाई लिप्यांचे निवडा. अक्षरे सुबक हवीत तर मुंबईच्या 'एक टाइप'चे 'मुक्ता' आणि 'बलू' हे फॉन्ट मुक्त परवान्याचे आहेत, व्यावसायिक कामालाही चालतात.

क्लासची फी भरण्यापूर्वी

तीन-चार फिल्म्स पूर्ण झाल्या आणि ओढ कायम राहिली, तरच संस्थेचा विचार करा. पुण्याची फिल्म अँड टेलिव्हिजन इन्स्टिट्यूट ऑफ इंडिया १९६० साली प्रभात स्टुडिओच्या आवारात सुरू झाली; ती केंद्र सरकारच्या माहिती व प्रसारण मंत्रालयाखाली येते. संकलनाच्या तीन वर्षांच्या अभ्यासक्रमाला कोणत्याही शाखेची पदवी आणि प्रवेश परीक्षा लागते. तेव्हा बारावीनंतर लगेच हा दरवाजा उघडत नाही. आधी पदवी घ्या. नोकरी करणाऱ्यांसाठी संस्थेचे कमी मुदतीचे अभ्यासक्रमही असतात.

खासगी क्लासकडे जाल तेव्हा हे विचारा:

- मागच्या तुकडीतल्या विद्यार्थ्यांनी स्वतः केलेल्या फिल्म्स दाखवा. (शिक्षकांच्या नकोत, जाहिरातीची चित्रफीतही नको.)
- प्रत्येकाला किती तास संगणक मिळतो? एका संगणकावर तिघे बसणार असतील तर शिकणे तिसरा हिस्साच होणार.
- शिकवणारे स्वतः काम करतात का? कोणत्या कामांत त्यांचे नाव आहे?
- मध्येच सोडले तर फी किती परत मिळेल? उत्तर कागदावर घ्या, पावती घ्या.

'शंभर टक्के नोकरीची हमी' देणाऱ्या जागेवरून तसेच परत या. या धंद्यात अशी हमी कुणीच देऊ शकत नाही. शहर लांब असेल आणि पैसे नसतील तर मन खट्टू करू नका. स्वतःच्या फुटेजवर वर्षभर बसलेल्या मुलामुलींचा हात अनेकदा क्लासवाल्यांपेक्षा चांगला असतो.

हक्क आणि परवानग्या

यूट्यूबवर टाकण्यापूर्वी हा भाग दोनदा वाचा.

- गाणे : 'दहा सेकंद वापरले तर चालते' असा कोणताही नियम नाही. गाण्याचे शब्द, चाल आणि ध्वनिमुद्रण यांचे हक्क वेगवेगळे असतात. लग्नाच्या वरातीत गाणे वाजवायला कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये सूट आहे. त्याच लग्नाच्या व्हिडिओला ते गाणे लावून यूट्यूबवर टाकायला ती लागू पडेल असे धरून चालू नका. यूट्यूबच्या ऑडिओ लायब्ररीतले संगीत घ्या, किंवा ओळखीच्या वादकाकडून वाजवून घेऊन त्याची लेखी परवानगी ठेवा.
- दावा आणि स्ट्राइक : यूट्यूबचा 'कंटेंट आयडी' दावा आला तर बहुधा कमाई हक्कधारकाकडे जाते. कॉपीराइट स्ट्राइक ही गंभीर गोष्ट. ९० दिवसांत तीन झाल्या तर चॅनेल बंद होऊ शकते.
- माणसे : चेहरा स्पष्ट दिसणाऱ्या, बोलणाऱ्या प्रत्येकाकडून साध्या मराठीत चार ओळींचे संमतीपत्र घ्या.
- मुले : व्यावसायिक चित्रीकरणात मुलाला दिवसाला पाच तासांपेक्षा जास्त आणि विश्रांतीशिवाय सलग तीन तासांपेक्षा जास्त काम देता येत नाही, आणि जिल्हा दंडाधिकाऱ्यांची परवानगी लागते.
- प्राणी : चित्रपटगृहात दाखवायच्या फिल्ममध्ये बैल, घोडा, कुत्रा वापरणार असाल तर भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाची परवानगी शूटिंगच्या आधी घ्या. नंतर सेन्सॉरकडे अडकते.
- जागा : रेल्वे स्थानक आणि रायगडासारखी केंद्रीय पुरातत्त्व खात्याची संरक्षित स्मारके इथे परवानगीवाचून ट्रायपॉड लावू नका.
- ड्रोन : २०२१च्या ड्रोन नियमांनुसार २५० ग्रॅमपर्यंतच्या ड्रोनला वैमानिकाचा परवाना लागत नाही, त्याहून जड ड्रोन पैशाच्या कामासाठी उडवायचा तर लागतो. उडवण्याआधी 'डिजिटल स्काय'च्या नकाशावर आपली जागा लाल किंवा पिवळ्या पट्ट्यात तर नाही ना, हे तपासा.

पैशाचे काम घेताना

कुणाच्या सांगण्यावरून, मोबदला घेऊन तुम्ही व्हिडिओ केलात आणि वेगळा करार केला नाहीत, तर कॉपीराइट कायद्याच्या कलम १७ प्रमाणे त्याच्या हक्काचा पहिला मालक काम सांगणारा असतो. म्हणून लग्नाच्या व्हिडिओतला एखादा तुकडा स्वतःच्या जाहिरातीत वापरायचा असेल तर तसे आधी लिहून घ्या. उलट, स्वतःची फिल्म कुणाला देताना हक्काचे हस्तांतरण लेखी आणि सहीचेच हवे. त्यात मुदत लिहिली नसेल तर कायदा ती पाच वर्षे धरतो, प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरता. 'कायमचे, जगभर' असे शब्द दिसले की सही करण्यापूर्वी थांबा आणि त्याची किंमत मागा.

कामाच्या कागदावर चार गोष्टी असू द्या: फिल्मची लांबी, किती वेळा बदल करून देणार, मूळ फुटेज द्यायचे की नाही, आणि आगाऊ रक्कम. बदलांची संख्या लिहिली नाही तर तेच काम पंधरा वेळा परत येते.

सुरुवातीला दुसऱ्यांच्या फिल्मवर फुकट काम करावे लागेल. करा, शिकायला मिळते. पण फुटेजला हात लावण्याआधी दोन गोष्टी मेसेजवर का होईना लिहून घ्या: श्रेयनामावलीत संकलक म्हणून तुमचे नाव, आणि तयार फिल्मची एक प्रत. पुढचे काम मागायला जाल तेव्हा दाखवायला तुमच्याकडे तेवढेच असेल.